"नेक्रोसिस, दोन्ही पाय": मानेवाड्याच्या एका काकाजींची केस

कागदावर निदानाच्या जागी एवढंच लिहिलं होतं, "नेक्रोसिस, दोन्ही पाय", अन् त्याखाली "डेब्राइडमेंट, गरज पडल्यास अँप्युटेशन", म्हणजे मेलेलं कापून साफ करायचं, नाहीच जमलं तर अवयवच कापायचा. बस. कोणत्या पायाला किती, कशामुळे, कोरडं की ओलं, पायाची नाडी लागते की नाही, काहीच नाही. अन् ह्या एका ओळीपायी एक ६४ वर्षांचा माणूस सही करून हॉस्पिटलमधून घरी निघून गेला, चार दिवस घरी राहिला, अन् त्या चार दिवसांत जे व्हायचं नव्हतं ते झालं.

मी नागपुरात घरी जाऊन ड्रेसिंग करते, बरीच वर्षं झाली, त्याआधी वॉर्डात नोकरी केली. शुगरचे पाय, बेडसोर, जळालेले, ऑपरेशननंतरचे टाके, रोजचंच आहे. ही केस लिहायचं कारण म्हणजे "नेक्रोसिस" (शरीराचा एखादा भाग मरणं) हा शब्द आम्ही लोक दिवसातून दहादा वापरतो अन् समोरच्याला त्यातून काय ऐकू येतं ते कोणी बघतच नाही. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काकाजींना शुगर १५-१६ वर्षांपासून. गोळ्या चालू, पण मोजणं कधीतरीच. पायाला मुंग्या येतात, कधी कापसावर चालल्यासारखं वाटतं, हे ते तीन-चार वर्षांपासून सांगत होते, पण घरात सगळ्यांनी ते वयाच्या खात्यात टाकलेलं. मे महिना, नवतपा लागायचा होता अजून, पण पारा ४५ च्या पुढे. काकूंनी गच्चीवर कुरोड्या वाळत घातलेल्या, दुपारी दीड-दोनला वावटळ उठली अन् काकाजी वर पळाले. चपला खालीच काढल्या, खायच्या वस्तूजवळ चपला घालून कसं जायचं म्हणून. वर पाच-सात मिनिटं होते, चादरीचे कोपरे धरून कुरोड्या गोळा केल्या, उडालेल्या वेचल्या, खाली आले, जेवले, कूलरसमोर झोपले.

संध्याकाळी काकूंना फरशीवर पावलांचे ओले ठसे दिसले. त्यांना वाटलं कूलरचं पाणी गळून राहिलं. ठसे पुसले, परत उमटले. मग काकाजींना बसवून पाय वर करून बघितला तर टाचेची कातडी पदरासारखी लोंबत होती. "मले काही दुखूनच नाही राहिलं," काकाजी म्हणाले. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता, कारण ते दुखत नाही म्हणून दोघंही त्या रात्री निवांत झोपले होते.

इथे जरा थांबते, कारण न दुखणं हा ह्या केसचा पहिला घोळ आहे. कातडी किती गरम गोष्टीला किती वेळ लागली ह्याचा एक ठरलेला हिशेब आहे: ४४ डिग्रीला कातडी मरायला साधारण ६ तास लागतात, पण ६० डिग्रीला ५ सेकंद पुरतात. मे महिन्यातली दुपारची गच्ची ६० च्या आसपास सहज जाते. तुमचा-माझा पाय अर्ध्या सेकंदात उचलला जातो, ते आपण ठरवून करत नाही, नस करते. शुगरने नसा गेल्या की तो उचलणाराच नाही. अन् डॉक्टर लोक भाजल्याची खोली ठरवताना टाचणी टोचून बघतात, दुखलं तर वरवरचं, नाही दुखलं तर खोल. काकाजींच्या पायावर ही परीक्षा चालतच नाही, त्यांना चांगल्या कातडीवर टोचलं तरी कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरीच मलम. तिसऱ्या दिवशी डाव्या टाचेचा डाग, जो पहिल्या दिवशी रुपयाएवढा पांढरट होता, तो वाटीएवढा झाला, तपकिरी, चामड्यासारखा कडक. मोठ्या मुलाने घाबरून जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. हा डाग वाढणं पण समजून घ्यायला पाहिजे. भाजलं की मधला भाग तिथल्या तिथे मरतो, त्याच्या भोवती एक पट्टा असा असतो की जो जिवंत तर आहे पण रक्त तिथे अडून राहिलेलं, तो पुढच्या दोन दिवसांत एक तर वाचतो नाही तर मरतो, अन् त्याच्याही बाहेर नुसता लाल पट्टा जो बहुतेक वाचतोच. काकाजींचा मधला पट्टा वाचला नाही, म्हणून डाग मोठा झाला. घरच्यांना वाटलं पसरून राहिलं, सडत चाललं. ते सडणं नव्हतं.

हॉस्पिटलात अर्ध्या तासात हा कागद मिळाला. मुलाने त्याचा फोटो काढून मोबाईलवर शब्द शोधला, एका ठिकाणी "ऊतकमृत्यू" आलं जे कोणाला कळलं नाही, दुसरीकडे "शरीराचा भाग सडणे" आलं जे सगळ्यांना कळलं. घरच्या ग्रुपवर गेलं की बाबांचे दोन्ही पाय सडले, कापावे लागतील. रात्रीतून भंडाऱ्याहून जावई आले, अमरावतीहून मोठी बहीण आली, अन् प्रत्येकाकडे पाय कापलेल्या कोणाची तरी गोष्ट होती. सकाळी काकाजी म्हणाले, "दोन्ही पाय देऊन जगण्यापेक्षा घरी मरतो," अन् सही केली.

मी ह्यात मुलाला अजिबात दोष देत नाही. त्याला तो शब्द कोणी सांगितलाच नव्हता.

तर नेक्रोसिस म्हणजे काय. मूळ शब्द ग्रीक, नेक्रोस म्हणजे प्रेत. पण गंमत अशी, खरं तर गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट आहे, की प्रेताला नेक्रोसिस म्हणत नाहीत. माणूस जिवंत आहे अन् त्याच्या शरीराचा एखादा तुकडा मेलाय, त्याला नेक्रोसिस म्हणतात. आजूबाजूचं शरीर जिवंत असल्यामुळे ते त्या मेलेल्या तुकड्याला गप्प बसू देत नाही, तिथे सूज येते, लाली येते, पांढऱ्या पेशी धावतात, तुकडा विरघळवायचा नाही तर ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न चालू होतो. मराठीत पुस्तकी शब्द ऊतकमृत्यू आहे, तो चूक नाही, पण दवाखान्यात तो बोलून बघा, लोक नुसते तोंडाकडे बघतात. आपल्याकडे ह्याला बरोबर शब्द आहे अन् तो सगळे वापरतात: "बोटात जीव नाही राहिला." नेक्रोसिसचा अर्थ एवढाच, त्या भागातला जीव गेला. का गेला, कसा गेला, पुढे काय, ह्यातलं काहीही तो शब्द सांगत नाही.

अन् सडणं वेगळं. सडायला जंतू लागतात. मरायला जंतू लागत नाहीत, रक्त बंद झालं तरी मरतं, भाजलं तरी मरतं, विष लागलं तरी मरतं, ॲसिड पडलं तरी. मेलेला भाग कोरडा राहिला तर तो सुकतो, वाळलेल्या खारकेसारखा होतो, त्याला वास येत नाही. त्यात ओल अन् जंतू शिरले की मग सडतो. गँगरीन हा शब्द पण लोक नेक्रोसिसला जोडूनच वापरतात, तो डोळ्याने दिसणाऱ्या गोष्टीचा शब्द आहे, मोठा भाग, बहुतेक हात-पाय किंवा आतडं, रक्त न पोचल्यामुळे मेला अन् काळा पडला की गँगरीन म्हणतात. कोरडं गँगरीन, ओलं गँगरीन. आयुर्वेदवाले कोथ म्हणतात. म्हणजे गँगरीन असेल तिथे नेक्रोसिस असणारच, पण नेक्रोसिस असेल तिथे गँगरीन असेलच असं नाही.

काकाजी घरी आले अन् उपाय सुरू झाले. सगळे प्रेमापोटी, हे मी मनापासून सांगते. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात तुरटी टाकून पाय बुडवून ठेवायचे अर्धा-अर्धा तास, मग हळद अन् खोबरेल तेल, वरून ओलावा टिकावा म्हणून पॉलिथिनची पिशवी अन् रबर. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या एका पेशंटकडून माझा नंबर मिळाला अन् सूनबाईने फोन केला, "ताई, नुसतं ड्रेसिंग करून द्या, हॉस्पिटलचं नाव नका काढू त्यांच्यासमोर."

मी गेले तेव्हा काकाजी दिवाणावर पाय लांब करून बसलेले, दोन्ही पायांना पिशव्या. मी आधी डावी काढली. टाचेवर तो कडक तपकिरी तुकडा, कडा थोड्या सुटलेल्या, कडेच्या फटीतून थोडं पिवळं, पण आजूबाजूची कातडी गुलाबी, पाऊल गरम, वरच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी टकटक लागली, अंगठ्याचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत. वास नाही. काकूंनी विचारलं, "खपली धरली ना ताई?" खपली नव्हती ती. खपली म्हणजे जखमेवर सुकलेलं रक्त अन् लस, तिच्याखाली नवीन कातडी येत असते. हे जे होतं ती कातडीच होती, पूर्ण जाडीची, मेलेली. आम्ही एस्कार म्हणतो. दिसायला दोन्ही सारखं, म्हणून लोक एस्कारला खपली समजून वाट बघत बसतात.

मग उजवी पिशवी काढली अन् वास आला. गोडसर, कुजका, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. तळव्याचं भाजलेलं छोटंच होतं, डाव्यापेक्षा कमी. पण करंगळी काळी, अन् करंगळीच्या मुळाशी, चौथ्या बोटाच्या फटीत, कातडी पांढरी होऊन फुगलेली, दाबलं की पू, अन् तिथून पावलाच्या वरच्या बाजूला चार बोटं लांबीची जांभळट लाली चढत गेलेली. पाऊल डाव्यापेक्षा थंड. नाडी मी पावलावर शोधली, घोट्याच्या मागे शोधली, नाही लागली. आजूबाजूला दाबून कातडीखाली चुरचुर होते का बघितलं, कारण तशी झाली तर आत गॅस आहे, मग एक तास पण थांबायचं नसतं. चुरचुर नव्हती. ताप १०१, ग्लुकोमीटरवर शुगर ३८६.

मी काकूंना विचारलं करंगळी कधीपासून काळी आहे. त्या म्हणाल्या, "ते तर जुनंच आहे, महिनाभर झाला असन, बूट चावला होता." अन् मग जरा थांबून, "पण आधी वाळलेली होती ताई, सुक्या मिरचीसारखी."

म्हणजे हे दोन आजार होते. डाव्या पायाला भाजून नेक्रोसिस झालेलं, खाली रक्तपुरवठा चांगला. उजव्या करंगळीला महिनाभरापासून रक्त न पोचल्यामुळे नेक्रोसिस, कोरडं गँगरीन, गच्चीशी त्याचा संबंधच नाही, गच्चीमुळे फक्त ते कोणाच्या नजरेत आलं. अन् कागदावर दोन्हींसाठी एकच शब्द. ह्यामुळे काय बिघडलं तर दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलटा आहे. डाव्या टाचेचं मेलेलं लवकर कापून काढायला पाहिजे, कारण त्याखाली रक्त आहे, वरचं झाकण काढलं की खालून लाल दाणेदार मांस भरून येतं. उजव्या करंगळीला मात्र हातही लावायचा नसतो, कोरडं ठेवायचं, आधी बंद पडलेली रक्ताची नळी उघडायची, रक्त आणायचं, मग कापायचं. रक्त नसताना कापलं तर कापलेली जागा भरत नाही, तीच काळी पडते, मग अजून वर कापा, अजून वर. कोरडी राहिली असती तर काही दिवसांत जिवंत अन् मेलेल्याच्या मधे स्पष्ट रेघ दिसली असती, सर्जन त्या रेघेची वाट बघतात. कधीकधी तर असं बोट आपोआप गळून पडतं, पिकल्या देठासारखं.

पण तिला चार दिवस पाण्यात बुडवलं, तेल लावून पिशवीत ठेवलं, अन् कोरड्याचं ओलं झालं. आता रेघ-बिघ काही नव्हती, आता घाई होती.

मी ड्रेसिंग न करता हात धुतले अन् काकाजींसमोर स्टूल घेऊन बसले. हॉस्पिटलचं नाव काढू नका सांगितलं होतं तरी काढलं. म्हटलं, काकाजी, तुमचे दोन्ही पाय सडले हे चूक आहे. डाव्या पायाची फक्त टाचेची कातडी मेलीय, पाय ठणठणीत आहे. उजव्या पायाचं एक बोट मेलंय, ते महिनाभरापूर्वीच मेलंय, अन् ते आता ह्या दोन-तीन दिवसांत सडायला लागलंय. त्या बोटाचा निर्णय झालेला आहे, तो तुमच्या-माझ्या हातात नाही. पावलाचा निर्णय आज रात्री होईल, तो आहे हातात. ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले. मग विचारलं, "एकच बोट? पक्कं?" मी म्हटलं, पक्कं मी कशी सांगू, नळीचा फोटो काढल्यावर डॉक्टर सांगतील, पण दोन्ही पाय असं कोणीच म्हणणार नाही. "मग त्या कागदावर दोन्ही पाय काऊन लिहिलं?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री धंतोलीतल्या एका सर्जनकडे भरती केलं. ॲंटिबायोटिक, इन्सुलिनचं ड्रिप, रात्री ११ ला उजवी करंगळी अन् तिच्या मागचं पावलातलं हाड काढलं, पू मोकळा केला, जखम उघडीच ठेवली. हे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की टाके घालणार नाहीत, नाही तर परत "अर्धवट सोडलं" म्हणून गोंधळ झाला असता. खरं सांगायचं तर बोट तसंही जाणारच होतं, पण मागचं हाड कदाचित राहिलं असतं. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायच्या सोनोग्राफीत, उजव्या पायात गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन नळ्या बंद निघाल्या. घोट्याच्या अन् दंडाच्या बीपीचं गुणोत्तर काढतात ते मात्र नॉर्मल आलं, अन् रेसिडेंट डॉक्टर क्षणभर चक्रावला, पण शुगरवाल्यांच्या नळ्यांत चुना जमून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, म्हणून तो आकडा खोटा मोठा येतो. दोन दिवसांनी अँजिओप्लास्टी झाली, फुग्याने एक नळी उघडली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर काकूंनी माझा हात धरून उजव्या पावलावर ठेवला, "बघा ना ताई, गरम." डाव्या पायाची टाच त्याच आठवड्यात साफ केली.

वॉर्डात मुलगा रोज मला विचारायचा, उजव्या पायाचं बोट त्याच रात्री कापलं मग नंतर नळी-नळी काय करत बसले. अन् मी रोज तेच उत्तर द्यायचे, की सडलेलं अन् पू होता तेवढं लगेच काढलं, बाकीचं रक्ताची वाट बघत ठेवलं. तिसऱ्या-चौथ्यांदा त्यानेच आलेल्या नातेवाइकांना हे समजावून सांगितलं, पार हातवारे करून.

सगळं मार्गी लागलं वाटत असताना बायोप्सीचा रिपोर्ट आला. त्यात लिहिलेलं: "कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस, पू सदृश सूज, हाडाची कड जिवंत." मुलाचा रात्री साडेदहाला फोन, "ताई, अजून नेक्रोसिस आहेच म्हणते रिपोर्ट, परत कापावं लागन का?" अहो, तो रिपोर्ट बरणीत गेलेल्या तुकड्याचा आहे. जे काढून टाकलं त्यात नेक्रोसिस असणारच, म्हणून तर काढलं. कामाचा शब्द शेवटचा होता, कड जिवंत, म्हणजे जिथे कापलं तिथलं हाड चांगलं आहे. हे पण कोणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट पाकिटात घालून हातात दिला होता.

कोॲग्युलेटिव्ह म्हणजे काय ते पण त्याने विचारलं, अन् मला तो प्रश्न आवडला. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं पण आकार तसाच राहतो, तसं. पेशी मेली पण तिचा साचा काही दिवस तसाच दिसतो मायक्रोस्कोपमध्ये. रक्त बंद होऊन किडनी, हृदय असं काही मेलं तर असंच दिसतं. हार्ट अटॅक म्हणजे दुसरं काय, हृदयाच्या स्नायूचं नेक्रोसिसच, रक्त पूर्ण बंद झालं की २०-४० मिनिटांत तो स्नायू मरायला लागतो, अन् ट्रोपोनिनची जी टेस्ट करतात ती मेलेल्या पेशी फुटून रक्तात काय सांडलं तेच मोजते. मेंदूचं मात्र उलटं, तिथे मेलेला भाग पातळ होतो, विरघळतो. टीबीच्या गाठीत चक्क्यासारखं, भुसभुशीत पांढरं होतं. स्वादुपिंड सुजून त्याचा रस बाहेर सांडला की चरबी मरून तिचा साबणासारखा पांढरा थर होतो. शब्द एकच पण प्रत्येक ठिकाणचं मरण वेगळं दिसतं, म्हणून पॅथॉलॉजीवाले नेक्रोसिसच्या आधी एक शब्द लावतात, अन् आमच्या वॉर्डातल्या कागदावर नेमका तोच गळतो.

शेजारच्या बेडवर एक विशीतला मुलगा होता, सिकलसेलचा, विदर्भात असे पेशंट आहेतच. त्याच्या आईने काकूंना सांगितलं की माझ्या पोराला एव्हीएन आहे खुब्याला. काकूंना वाटलं काही वेगळंच. एव्हीएन म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, त्यातला शेवटचा एन म्हणजे हेच नेक्रोसिस. सिकलसेलमध्ये वाकड्या पेशी बारीक नळ्या अडवतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही, तो मरतो, हळूहळू बसतो. स्टेरॉईड जास्त झाले किंवा दारूने पण होतं. ह्यात जंतू नाही, पू नाही, वास नाही, हाड "सडलं" म्हणणं साफ चूक. त्या पोराचं लग्न मोडलं होतं, मुलीकडच्यांना कोणीतरी सांगितलं की त्याचं हाड सडून राहिलं अन् ते अंगभर पसरन. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, काकाजींच्या केसपेक्षाही. त्या आईला मी दोनदा समजावून सांगितलं की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, रक्तातून अंगभर फिरत नाही, खुब्याचा गोळा मेलाय, तेवढंच. ती म्हणाली, "हे तुम्ही त्याइले येऊन सांगसान का?"

त्या दिवसापासून मी माझ्या पेशंटच्या वहीत "नेक्रोसिस" एकटं लिहायचं बंद केलं. लिहिते ते असं: डावी टाच, भाजून मेलेली कातडी, कोरडी, ६ बाय ५ सेंटिमीटर, कडा सुटत आहेत, आजूबाजूला लाली नाही, नाडी लागते. उजवं पाऊल, करंगळीची जागा, जखम उघडी, तळाशी ७० टक्के लाल, ३० टक्के पिवळा थर, वास नाही. पिवळा थर म्हणजे स्लफ, तो पण मेलेलाच, फक्त ओला, त्याला बघून घरचे "पू आहे" म्हणतात, पू नसतो तो, पुसून निघत नाही. हे लिहायला मला दोन मिनिटं जास्त लागतात. पण पुढचा डॉक्टर असो की मुलगा असो, वाचून त्याला काय करायचं अन् काय नाही ते कळतं. अन् तोंडाने सांगताना मी चार गोष्टी सांगतेच, जीव कुठल्या तुकड्यातला गेला, कशामुळे गेला, कोरडं आहे की ओलं, अन् रेघ दिसते का. कापायचं की नाही हा विषय त्याच्या नंतर.

उजवा पाय भरायला साडेतीन महिने लागले, मधे मोकळ्या जखमेला व्हॅक मशीन लावलेलं, जखमेतलं पाणी ओढून घेणारं. डावी टाच जास्त चिवट निघाली, वजन तिच्यावरच येतं ना, पाच महिने गेले. काकाजींना बसायची शिक्षा मोठी वाटायची, पोळ्याला दारात खुर्ची टाकून बैल बघत बसले, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला जायचा हट्ट धरला तर काकूंनी चपलाच लपवल्या. शुगर आता बरी आहे, एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, १०.४ होतं ते ७.३ वर आलं.

दिवाळीच्या आधी शेवटचं ड्रेसिंग केलं. काकाजींनी वही मागितली, चष्मा लावला अन् स्वतः मोठ्याने वाचलं: "डावी टाच, बंद. उजवी करंगळीची जागा, बंद. दोन्ही पाय गरम, नाडी दोन्हीकडे लागते." मग मला म्हणाले, खाली ताई तुमची सही करा अन् तारीख टाका, मी हा कागद त्या पहिल्या कागदाला पिन मारून ठेवतो. काकूंनी तोवर गच्चीच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर रबराच्या चपलांचे दोन जोड ठेवले होते, एक त्यांचा अन् एक काकाजींचा, नवे, फक्त कुरोड्यांसाठी.